गाडीपुढे कुणी उभं राहू नये

त्या वर्षी दसऱ्याला माझी बायको पहिल्यांदा बंगलोरला येणार होती, आणि तिला सोबत म्हणून तिचा थोरला भाऊ. सासऱ्यांनी मुलाला बजावलं होतं ते अगदी सरळ होतं. जावयांची नोकरी बघ, खोली बघ, बरं वाटलं तर बहिणीला ठेवून ये, नाही तर परत घेऊन ये. एकदा परत नेली की मीही मुकाट्यानं मागोमाग जायचं आणि मिरजेत त्यांच्या भांड्यांच्या दुकानात बसायचं, हे त्यांनी लग्नातच बोलून ठेवलं होतं. मला भांडी आवडत नाहीत असं नाही, पण सासऱ्याच्या दुकानात बसलेला जावई हा दुकानातलाच एक हंडा असतो. गिऱ्हाईक येता-जाता वाजवून बघतं.

लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं. लग्नानंतर आम्ही एकत्र राहिलो ते माझी रजा होती तेवढंच. माझे आईवडील आधीच गेले होते, त्यामुळे बायको माहेरीच राहिली आणि मी बंगलोरला परत आलो. तिचा चेहरा मला नीट आठवायचा नाही. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. तिचा एक फोटो होता, पण त्यात ती इतकी घाबरलेली दिसत होती की तो बघून मलाच अपराधी वाटायचं. म्हणून तो ट्रंकेत खाली ठेवला होता.

सासरकडच्यांचा माझ्या नोकरीवर राग बसला त्यालाही कारण होतं. मिरजेचा एक गृहस्थ काही कामानं आमच्या कारखान्यात आला होता. त्यानं मला लांबून बघितलं, ओळख दाखवली नाही, आणि गावात जाऊन सांगितलं की तुमचा जावई तिथे ढकलगाडी ओढतो. झालं! मी कळवलं होतं ‘ऑपरेटर’. सासऱ्यांनी अर्थ लावला हमाल.

खरं म्हणजे ती ढकलगाडी नव्हती. विजेवर चालणारी गाडी होती, परदेशातून खोक्यात बसून आलेली, आणि आख्ख्या कारखान्यात तेव्हा एकच. आम्ही तिला बॅटरीगाडी म्हणायचो. पुढे जमिनीलगत दोन लांब लोखंडी काटे, मागे बॅटरीची पेटी, आणि पेटीला एक उंच दांडा. ओझं लाकडी फळ्यांच्या बैठकीवर रचलेलं असायचं. त्या बैठकीला पॅलेट म्हणायचे. काटे पॅलेटखाली घालायचे, बटण दाबायचं, की दहा माणसांना न हलणारं ओझं चार बोटं वर उचललं जायचं. मग दांडा हातात धरून गाडीबरोबर चालायचं. गाडीवर बसायचं नाही, नुसतं चालायचं. हे मी सासऱ्यांना कसं समजावून सांगणार होतो? चालायचंच असेल तर मिरजेत काय कमी रस्ते आहेत, असं ते म्हणाले असते.

गाडी शिकवायला तिच्याबरोबर एक जर्मन साहेब आला होता. त्याला ना मराठी, ना कन्नड, आणि इंग्रजी माझ्याहून थोडं बरं. पण त्यानं मला जे शिकवलं ते मी आजही विसरलेलो नाही. दांडा सरळ उभा केला की ब्रेक लागतो. पार जमिनीकडे पाडला तरी ब्रेक लागतो. मधल्या तिरक्या जागेतच गाडी चालते, आणि तीही दांड्याच्या मुठीवरची खटकी अंगठ्यानं दाबून धरली तर. हात सोडला की खटकी आपोआप परत येते, दांडा स्प्रिंगनं उभा राहतो, आणि गाडी जागच्या जागी थांबते. हे त्यानं मला एवढ्या वेळा करून दाखवलं की शेवटी मी चिडलो. मला समजलं म्हणून मान डोलावली, तर त्यानं परत पहिल्यापासून सुरू केलं.

बाकीचे नियम त्यानं खडूनं फरशीवर चित्रं काढून शिकवले. दांडा धरून गाडीकडे तोंड करून उलटं चालायचं नाही, बाजूनं चालायचं. ओझं आपल्या छातीपेक्षा उंच रचलेलं असलं तर आधी खाली उतरवायला लावायचं. उतारावर वळायचं नाही. फरशीवर तेल सांडलेलं असलं तर थांबायचं, पुसायचं, मग जायचं. बॅटरी चार्जिंगला लावली की जवळपास विडी पेटू द्यायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम, जो त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवून सांगितला: ही गाडी आवाज करत नाही. लेथ बडबडतो, प्रेस आदळआपट करतो, पण ही मागून येते आणि माणसाला कळत नाही. म्हणून गाडी चालू असताना कुणाशी बोलायचं नाही, कुणाला जवळ चालू द्यायचं नाही, आणि पुढे कुणी दिसलं की घंटा वाजवून त्याला बाजूला व्हायला सांगायचं.

साहेब गेला आणि नियम माझ्याकडे राहिले. मी ते इतके पाळले की लोक मला भिऊ लागले. मी मुळात तापट आहे, आणि अंगावर जबाबदारी आली की माझा तापटपणा कामाला लागतो. स्टोअरमधून असेंब्लीत, असेंब्लीतून पेंटशॉपला, दिवसभर माझ्या फेऱ्या चालायच्या. वाटेत कुणी आलं की मी घंटा वाजवायचो आणि ओरडायचो, ‘‘दारि बिडि! दारि बिडि!’’ म्हणजे वाट सोडा. मला आलेलं पहिलं कन्नड ते, आणि बरेच महिने तेवढंच. परक्या गावात माणूस आधी ‘या’, ‘बसा’, ‘कसे आहात’ शिकतो. मी ‘बाजूला व्हा’ शिकलो, आणि दिवसभर तेच म्हणत राहिलो.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. लेथवरची दोघं-तिघं कामातसुद्धा आपसात थट्टा करायची, फिटरलोक एकाच बाकावर बसून हसायचे, आणि मी आलो की सगळे दोन्हीकडच्या भिंतींना चिकटून उभे राहायचे. मला वाट मिळायची, पण सोबत मिळायची नाही. दुपारच्या सुट्टीत मी बॅटरी तपासत तिथेच डबा खायचो. कारण सांगायला होतं, की गाडी सोडून जाता येत नाही. जाता येत होतं. बसायचं कुणाजवळ हे ठरत नव्हतं, एवढंच.

माझ्याशी आपणहून बोलायचा तो एकटा आमचा फोरमन. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. पन्नाशीचा, अंगानं जाड, कपाळावर रोज ताजं कुंकू. त्याचं घराणं शिवाजीमहाराजांच्याही आधीपासून याच मुलखात राहिलेलं, आणि घरात अजून मराठी बोलायचे. मला पहिल्या दिवशी केवढा आनंद झाला होता! मग त्याची मराठी ऐकली. ‘‘तुम्ही जेवण केलात का हो? सरी, सरी. स्वल्प बसा की मग.’’ ‘सरी’ म्हणजे ठीक, ‘स्वल्प’ म्हणजे जरासं. मी तेव्हा मिरजेच्या तोऱ्यात होतो, त्यामुळे मनातल्या मनात त्याच्या प्रत्येक वाक्याचं व्याकरण सुधारत बसायचो. बिचारा मायेनं बोलत होता आणि मी मास्तरकी करत होतो. पण त्यालाही शंभर माणसांचं काम बघायचं असायचं. दोन वाक्यं बोलून तो पुढे जायचा.

संध्याकाळी कारखान्याची बस मला मल्लेश्वरमला सोडायची. तिथे एका घराच्या मागच्या अंगणात माझी खोली होती. घरमालकीण म्हातारी बाई, तिला फक्त कन्नड यायचं. मी आलो की ती पायरीवरून विचारायची, ‘‘ऊटा आयता?’’ जेवलात का? मी ‘‘आयतु’’ म्हणायचो, म्हणजे झालं. खरं तर जेवलेला नसायचो, आत्ता तर कामावरून येत होतो. पण ‘नाही’ म्हटलं तर पुढे बोलावं लागलं असतं आणि पुढचं मला येत नव्हतं. मग खोलीत जाऊन स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा, आणि तो होईपर्यंत भिंतीकडे बघत बसायचं. कधीकधी मी मुद्दाम मोठ्यानं बोलून बघायचो. ‘‘मीठ कुठे ठेवलंय रे?’’ असं स्वतःलाच. एकटेपणाची लाज वाटते हे मला तिथे कळलं.

म्हणून बायको येणार हे कळल्यावर मी वेड्यासारखं वागलो. खोलीला चुना दिला. दुसरं ताट आणलं, दुसरी वाटी, दुसरं पांघरूण. बाजारातून आरसा आणला आणि तो कुठे टांगावा म्हणून चार ठिकाणी खिळे मारून भिंत खराब केली, परत चुना दिला. आणि ठरवलं की आयुधपूजेला दोघांना कारखान्यात न्यायचं. आमच्याकडे खंडेनवमी, ती इथली आयुधपूजा. त्या दिवशी कारखान्याचं फाटक घरच्यांसाठी उघडं असायचं. बायका शालू नेसून, मुलं तेल लावून भांग पाडून यायची, आणि प्रत्येक जण आपल्या माणसाचं मशीन बघायचा. आधी मी त्या दिवशी एकटाच गाडीजवळ उभा राहिलो होतो. या वेळी मलाही दाखवायला कुणीतरी होतं. मेव्हण्यानं एकदा माझी गाडी बघितली, ती किती नाजूक आणि किती तोलाची आहे हे त्याला कळलं, की हमाल हा शब्द तो मिरजेला परत नेणार नाही असा माझा हिशोब होता. बायको राहील की जाईल ते त्या गाडीवर अवलंबून आहे असं मी धरून चाललो होतो.

ती दोघं अष्टमीला सकाळी आली. स्टेशनवर मी बायकोला ओळखलं ते तिच्या भावावरून. ती फोटोतल्यापेक्षा उंच होती आणि मुळीच घाबरलेली नव्हती. घाबरलो होतो मी. मेव्हण्यानं खोली बघितली, छताकडे बघितलं, नळ बाहेर आहे हे बघितलं आणि म्हणाला, ‘‘दाजी, हवा चांगली आहे.’’ खोलीबद्दल चांगलं बोलायला दुसरं काही नव्हतं, हे मलाही मान्य आहे. बायको आत आली. तिनं चार खिळ्यांची भोकं बघितली आणि तोंडाला पदर लावला. हसली असावी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोहोचलो तर सगळं शॉप ओळखू येत नव्हतं. मशिनं धुऊन पुसून हळदीकुंकू लावलेली, दारांना आंब्याची पानं, आणि केळीचे खुंट तर जागोजाग. माझ्या गाडीची पूजा अण्णानं स्वतःच्या हातानं मांडली होती. मी नको म्हणेन म्हणून मी यायच्या आत. काट्यांवर स्वच्छ पॅलेट, पॅलेटवर देवीची तसबीर, पेटीवर हळदीचे पट्टे. आणि दांड्याला एक चांगला मनगटाएवढा केळीचा खुंट सुतळीनं आवळून बांधलेला, त्यावरून शेवंतीची माळ, तीही मुठीपर्यंत गच्च गुंडाळलेली. दांडा त्या वजनानं तिरका झुकला होता. खटकी फुलांखाली दिसतही नव्हती. कुणी मुद्दाम विचार करून गाडी धोक्याची करायची म्हटलं असतं, तरी याहून चांगलं जमलं नसतं. आणि अण्णाचे डोळे तर कौतुकानं भरून आले होते.

‘‘कसं दिसतं सांगा की. पोरीचं लग्न असल्यासारखं केलोय.’’

मी म्हटलं, छान आहे. छान होतंच. नुसतं उभं राहायचं असेल तर गाडीला काही धोका नव्हता. बॅटरीचा प्लग लावलेला होता, तो काढून ठेवावा असं मनात आलं, पण तेवढ्यात गुरुजींनी मंत्र सुरू केले आणि मी हात जोडले. बायको आणि मेव्हणा माझ्यामागे उभे होते. आरती झाली, कोहळा फोडला. मग अण्णानं गाडीच्या पुढच्या चाकांसमोर दोन लिंबं ठेवली आणि मला म्हणाला, ‘‘हं, चालवा आता. स्वल्प पुढं.’’

तिथली रीत तशी आहे. पूजा झाली की गाडी लिंबांवरून न्यायची, चिरडली की दृष्ट गेली. मला ते ठाऊक होतं, आधी मी स्वतः केलं होतं. पण तेव्हा दांडा मोकळा होता.

मी म्हटलं, ‘‘अण्णा, आधी हे दांड्याचं सोडू या. मग नेतो.’’

‘‘पूजेचं फूल कसं काढायचं हो? सांजची आरती व्हायची आहे की.’’

‘‘मग गाडी हलणार नाही.’’

‘‘लिंबू फोडल्याबिगर पूजा कशी संपते? सगळे बघतायत. नुसतं एक वीत चालवा, सरी होतंय.’’

मी नियम सांगितले तर कुणाला पटले नसते, म्हणून मी धर्माचा आधार घेतला. आमच्याकडे खंडेनवमीला ज्या हत्याराची पूजा होते ते त्या दिवशी चालवत नाहीत, त्याला विश्रांती असते, असं मी ठणकावून सांगितलं. हे खरंही आहे. अण्णा म्हणाला, ‘‘तुमच्या मिरजेचं मिरजेत ठेवा. ही गाडी इथली.’’ लोक हसले. माझं डोकं फिरलं. बायकोसमोर, मेव्हण्यासमोर, ज्या गाडीपाशी माझा मान दिसायचा होता तिथेच मला वेड्यात काढलं होतं. मी म्हटलं, ‘‘मी चालवणार नाही. दारि बिडि!’’ आणि सवयीप्रमाणे हात झटकून सगळ्यांना मागे सारलं. सगळे मागे झाले. मी रागारागानं पेटीच्या दुसऱ्या बाजूला गेलो, खाली वाकलो आणि प्लगची पकड चाचपायला लागलो.

तेवढ्यात अण्णा दांड्याशी आला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी तेव्हाही जाणून होतो. पूजा अपुरी राहिली तर वर्षभर माझ्याच हाताला काही होईल अशी त्याला भीती होती. माझ्यासाठीच तो ते करत होता. त्यानं फुलांवरूनच मूठ दाबली. गाडी लिंबांवरून गेली. अण्णानं हात सोडला, दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

गाडी थांबली नाही. खटकी माळेच्या दोऱ्यात अडकून दाबलेलीच राहिली होती आणि खुंटाच्या वजनानं दांडा उभा राहत नव्हता. देवीची तसबीर घेऊन ती गाडी, काहीही आवाज न करता, सावकाश पुढे चालली. पुढे भिंतीलगत लोखंडी कास्टिंगची जड खोकी रचलेली होती, आणि आमची वादावादी चालू असताना माझ्यामागून तिकडे गेलेली माझी बायको खोक्यांसमोर पाठमोरी उभी होती. दारावर केळीच्या पानांची कमान केली होती ती बघत होती. मी सगळ्यांना मागे सारलं तेव्हा कन्नड न कळल्यामुळे तीच तेवढी गाडीच्या वाटेत राहिली होती.

मला ओरडता आलं नाही. लग्नाच्या बायकोला काय म्हणून हाक मारायची हे अजून ठरलेलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी प्लग धरला आणि पाय पेटीला लावून ओढला. प्लग निघाला, मी मागे फरशीवर आपटलो, आणि गाडी थांबली. काट्यांची टोकं आणि तिच्या टाचा यांच्यात माझा पंजा मावला असता एवढीच जागा उरली होती.

मग मात्र माझा आवाज फुटला. अण्णाला मी जे बोललो ते सगळं मराठीत होतं, त्यामुळे त्याच्याशिवाय कुणाला कळलं नाही, पण कळायची गरजही नव्हती. बायको वळली ती माझा आरडाओरडा ऐकून. म्हणाली, ‘‘सणाच्या दिवशी एवढं ओरडायला काय झालं?’’ लिंबं व्यवस्थित चिरडली गेली होती. अण्णा पॅलेटच्या कडेला बसला. ‘‘माझं चुकलं की हो,’’ असं तो माझ्याकडे न बघता दोनदा म्हणाला. मग स्वतःच उठला आणि दांड्यावरची माळ सोडायला लागला. ओली सुतळी निघेना, तेव्हा दातांनी तोडली. मेव्हणा हे सगळं बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

बसमधून परत निघालो. मला दिसत होतं की संपलं. ज्या गाडीवर मी सगळं लावलं होतं तिनंच माझं नाक कापलं होतं. खोलीवर आल्यावर मेव्हण्यानं टोपी काढून खुंटीला लावली आणि बहिणीला म्हणाला, ‘‘सामान आवर. उद्याच्या गाडीनं निघायचं.’’ मग माझ्याकडे वळून थोडा मऊ झाला. ‘‘दाजी, राग मानू नका. पण हे काम बरं नव्हे. तुम्हीही या. दुकान काय वाईट आहे?’’

मी स्टोव्हला पंप मारत बसलो.

बायको आरशाखाली बसली होती. तिनं दिवसभरात मला पहिल्यांदाच सरळ काही विचारलं. म्हणाली, ‘‘अहो, तिथे तुमच्याजवळ कुणी उभंच राहत नव्हतं. बाकी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून होते. तुमच्याभोवतीच मोकळं.’’

‘‘नियम आहे तसा. गाडी चालू असताना कुणी जवळ यायचं नाही. बोलायचंही नाही.’’

‘‘आणि काम सुटल्यावर?’’

‘‘खोलीवर येतो.’’

‘‘मग?’’

‘‘भात करतो.’’

‘‘मग?’’

पुढचं मला सांगता येईना. स्टोव्हचा भडका उडाला होता, तो कमी करायच्या निमित्तानं मी खाली वाकलो आणि तसाच वाकून राहिलो. मोठ्या माणसानं बायकोच्या भावासमोर रडणं बरं दिसत नाही, पण मला आवरेना. मेव्हणा उठून दारात जाऊन उभा राहिला. भला माणूस होता तो.

थोड्या वेळानं बायको म्हणाली, ‘‘दादा, तू एकटाच जा. बाबांना सांग, मी राहिले.’’

‘‘अगं वेडे, तुला काही कळलं का? आज तुझे पाय गेले असते!’’ मग गाडी मागून कशी आली होती ते त्यानं सांगितलं, तेव्हा तिला सगळं कळलं. तिनं आपल्या पावलांकडे बघितलं, जोडवी नीट केली, आणि म्हणाली, ‘‘गेले तर नाहीत ना.’’

मेव्हणा दसऱ्याच्या दिवशी गेला. स्टेशनवरून परत येताना ती माझ्या शेजारून चालत होती. माझ्या शेजारून कुणी चालायची मला सवयच नव्हती, त्यामुळे मी सारखा थोडा पुढे जायचो आणि तिच्यासाठी थांबायचो. इतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं, आणि ते दाखवावं कसं हेही येत नव्हतं. घरी आल्यावर मी तिला स्टोव्ह, नळाची वेळ, दाराची कडी असं सगळं समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामावर गेलो. बाहेर पडताना म्हटलं, ‘‘येतो.’’ हा शब्द ऐकणारं माणूस त्या खोलीत पहिल्यांदाच होतं.

दिवसभर मी हवेत होतो. घंटासुद्धा हलक्या हातानं वाजवत होतो. अण्णानं गाडीला बोटसुद्धा न लावता लांबून नमस्कार केला, आणि मी त्याला चक्क हसून दाखवलं. संध्याकाळी बसमधून उतरलो तो जवळजवळ धावतच आलो. ती दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

मी चपला काढायच्या आत ती बोलायला लागली. भाजीवाला आला होता, तो काय म्हणाला ते कळलं नाही म्हणून तिनं भाजी घेतलीच नाही. शेजारची बाई येऊन काहीतरी विचारून गेली, हिनं नुसती मान हलवली, आता ती बाई काय समजली असेल? पाणी गेलं. मांजर आलं होतं. मिरजेला या वेळी आई दिवा लावत असेल. ती थांबत नव्हती, मधे श्वासही घेत नव्हती, आणि तिचा आवाज घोगरा, तुटक येत होता. सर्दी झाली असावी असं आधी वाटलं. मग लक्षात आलं. सकाळपासून न वापरलेला आवाज संध्याकाळी असाच लागतो. तो माझ्या चांगला ओळखीचा होता.

मला हवं होतं ते मिळालं होतं. भाऊ गेला होता, ती राहिली होती, आणि जे दीड वर्ष माझ्या वाट्याला होतं ते आजपासून तिच्या वाट्याला आलं होतं. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, ‘‘बोल.’’ भात गार होईपर्यंत ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो, आणि उद्या सकाळी पुन्हा कारखान्याची बस यायची होती.